चौथ्या दिवसाचं क्रिएटिनिन

*प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही सांगली जिल्ह्यातले. बाबांचं वय ५९. वीस वर्षांचा मधुमेह. दारूचा थेंब कधी घेतला नाही, तरी दोन वर्षांपूर्वी लिव्हर सिरॉसिस निघाला. पोटात पाणी होतं, महिना-दीड महिन्यानं काढावं लागतं. गुडघ्याच्या गोळ्या तेवढ्या मनाने घेतात, बाकी पथ्यपाणी व्यवस्थित. गेल्या आठवड्यात लघवी एकदम कमी झाली. दोन महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) १.१ होतं, ॲडमिट केलं तेव्हा २.१. दोन दिवस रोज तीन बाटल्या अल्ब्युमिन दिलं तरी २.६ झालं. डॉक्टर म्हणतात, लिव्हरमुळे किडनी बंद पडतेय, हेपॅटोरीनल सिंड्रोम आहे. आज संध्याकाळी टर्लीप्रेसिन नावाचं इंजेक्शन सुरू केलं. "लागू पडेल ना?" विचारलं तर म्हणाले, "आत्ता सांगता येणार नाही, चौथ्या दिवशी बघू." दादा चिडलाय. एवढा खर्च करायचा आणि डॉक्टरलाच माहीत नाही? आत्या म्हणते, सरळ डायलिसिस लावा. माझा रक्तगट बाबांचाच आहे, मी एक किडनी द्यायला तयार आहे. नेमकं काय करू? रिपोर्ट जोडलेत.*

ताई,

तुमचा मेल आला त्याच रात्री चार ओळींचं उत्तर पाठवलं होतं. हे सविस्तर उत्तर तुमच्या परवानगीनं इथे देतोय, कारण "औषध लागू पडेल का ते आधी कळत नाही का?" हा प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसलेली माणसं मी वर्षानुवर्षं बघतोय आणि दर वेळी त्यांना घाईघाईत अर्धंच उत्तर मिळतं. मीही तसंच दिलेलं आहे.

आधी तुमच्या किडनीचं बोलू. ती तुमच्याजवळच राहू द्या. बाबांच्या दोन्ही किडन्या बहुधा धडधाकट आहेत. विश्वास बसणार नाही, पण १९६९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याच आजारानं गेलेल्या रुग्णांच्या किडन्या काढून, ज्यांची स्वतःची किडनी कायमची गेली होती अशांना बसवल्या आणि त्या किडन्या नव्या शरीरात काम करू लागल्या. तीच किडनी, आधीच्या घरात बंद आणि नव्या घरात सुरू. म्हणजे खोट किडनीत नव्हती.

मग कुठे आहे? तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला कालव्याचं उदाहरण लगेच कळेल. कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, ज्याचं शेत आहे त्याला विचारा पाणी का येत नाही. त्याची मोटर चांगली, पाइप चांगला, पण वरच्या सगळ्या चाऱ्यांची (कालव्यातून फुटणाऱ्या फाट्यांची) दारं सताड उघडी असली की खाली येतो तो नुसता चिखल. सिरॉसिसमध्ये लिव्हर निबर होतं, त्यातून रक्त जाईना की पोटातल्या, आतड्यांच्या रक्तवाहिन्या फुगत आणि सैलावत जातात. रक्त तिथेच मुरतं. मेंदूला आणि हृदयाला वाटतं, अंगात रक्तच कमी पडलंय. ते घाबरून हुकूम सोडतात, मीठ-पाणी धरून ठेवा, वाहिन्या आवळा. या आवळण्यात सगळ्यात जास्त भरडली जाते किडनी, ती टेलची शेतकरीण. पोटातलं पाणी, पायांची सूज आणि आटलेली लघवी, तिन्ही गोष्टी या एकाच गैरसमजातून येतात.

अल्ब्युमिन हे शिरेतून दिलं जाणारं रक्तातलं प्रथिन, म्हणजे कालव्यात वरून सोडलेलं पाणी. टर्लीप्रेसिन म्हणजे वरच्या चाऱ्यांची दारं लावायला पाठवलेला माणूस. ते आतड्यांकडच्या सैल वाहिन्या आवळतं, मुख्य प्रवाहात दाब वाढतो आणि किडनीपर्यंत रक्त पोचतं. तुम्ही नवी किडनी दिलीत तर तीही त्याच टेलला बसेल.

आता दादांचा प्रश्न. तो रागानं विचारलेला असला तरी बरोबर आहे. हे औषध कुणाला लागू पडेल हे ओळखण्यासाठी बरीच खटपट झालेली आहे आणि अगदीच अंधार आहे असं नाही. अंदाज बांधता येतो. अडचण अशी की अंदाज बांधायला लागणारी सगळ्यात मोलाची माहिती औषध सुरू केल्यावरच मिळते. तुमच्या डॉक्टरांनी "चौथ्या दिवशी बघू" म्हणताना हेच सांगितलं, फक्त त्यामागचं कारण सांगायला त्यांना वेळ झाला नसावा.

आधी कळणाऱ्या गोष्टी बघू. पहिली म्हणजे, औषध सुरू करताना क्रिएटिनिन किती होतं. मुख्यतः अमेरिकेत झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा असं दिसलं की ३ च्या आत क्रिएटिनिन असताना सुरुवात झालेल्यांत जवळजवळ निम्म्यांची किडनी पूर्ववत झाली, ३ ते ५ मध्ये चौथा हिस्सा किंवा जरा जास्त, आणि ५ च्या वर गेल्यावर दहातल्या एकाचीच. बाबांचं २.६ ला सुरू झालंय. ही या कागदांतली सगळ्यात चांगली बातमी.

असं का होतं तेही सांगतो. पाण्यावाचून पीक आठ दिवस तग धरतं, मग करपतं. करपल्यावर कालवा भरून वाहिला तरी उपयोग नाही. किडनीलाही फार काळ रक्त मिळालं नाही तर तिच्या आतल्या बारीक नळ्या खरोखर मरू लागतात. तो वेगळा आजार, त्याला टर्लीप्रेसिन लागू पडत नाही. आणि गंमत अशी (गंमत कसली, डोकेदुखी) की आटलेलं शेत आणि करपलेलं शेत लांबून सारखंच दिसतं. दोन्हीत क्रिएटिनिन वाढलेलं, दोन्हीत लघवी कमी, सोनोग्राफी दोन्हीत नॉर्मल असू शकते. लघवीतून एनगॅल नावाचं एक प्रथिन मोजतात. नळ्यांना इजा झाली की ते बरंच वाढतं. ते कमी असेल तर औषध लागू पडण्याची आशा अधिक. पण ही तपासणी आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी क्वचितच होते, आणि तिच्या मधल्या आकड्यांवरून ठाम काही बोलता येत नाही. तिच्यासाठी नमुना मुंबईला पाठवून रिपोर्टची वाट बघत बसा असं मी सांगणार नाही. रिपोर्ट येईपर्यंत चौथा दिवस उजाडलेला असेल.

दुसरी गोष्ट कावीळ. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये ३९ रुग्णांचा अभ्यास छापला. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा रक्तातला आकडा, १० च्या आत असलेल्यांपैकी ६७ टक्क्यांना औषध लागू पडलं, १० किंवा वर असलेल्यांपैकी १३ टक्क्यांना. ३९ ही संख्या लहान आहे, पण बिलिरुबिन जितकं जास्त तितका प्रतिसाद कमी हे मोठ्या अभ्यासांतही पुन्हा पुन्हा दिसलंय. बाबांचं ४.८ आहे.

तिसरी, किडनीखेरीज आणखी काय काय बिघडलंय. लिव्हर, किडनी, मेंदू, रक्त गोठणं, रक्तदाब, श्वास अशा सहा खात्यांचा हिशेब मांडून आम्ही आजाराला १, २, ३ अशी श्रेणी देतो. युरोपातल्या एका अभ्यासात पहिल्या श्रेणीतल्या ६० टक्के, दुसरीतल्या ४८ आणि तिसरीतल्या २९ टक्के रुग्णांना टर्लीप्रेसिन लागू पडलं. तुम्ही लिहिलंय की बाबा शुद्धीवर आहेत, नातवाची चौकशी करतात, ऑक्सिजन ९६ आहे, आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) १.७ दिसतोय. म्हणजे कागदावर तरी ते पहिल्या श्रेणीत बसतात.

म्हणजे बाबा बरे होणार? ताई, हे आकडे बाबांचे नाहीत, बाबांसारख्यांचे आहेत. शंभरातल्या साठांना औषध लागू पडतं हे खरं, पण बाबा त्या साठात की चाळिसात हे तो आकडा सांगत नाही. शिवाय प्रत्येक अभ्यासात "लागू पडलं" कशाला म्हणायचं याची व्याख्या वेगळी, त्यामुळे आकडेही खालीवर होतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका-कॅनडातल्या ३०० रुग्णांच्या चाचणीत व्याख्या कडक होती. क्रिएटिनिन दोनदा लागोपाठ १.५ च्या आत यायला हवं आणि त्यानंतर दहा दिवस रुग्ण डायलिसिसशिवाय जिवंत असायला हवा. त्यात टर्लीप्रेसिन दिलेल्यांपैकी ३२ टक्के उतरले, नुसतं अल्ब्युमिन आणि तुलनेसाठीचं खोटं औषध (इंजेक्शन तसंच, आत औषध नाही) मिळालेल्यांपैकी १७ टक्के.

याच चाचणीतली दुसरी बाजू तुमच्यापासून लपवणं बरं नव्हे. किडनी जास्त जणांची सुधारली, पण तीन महिन्यांत दगावलेल्यांचं प्रमाण टर्लीप्रेसिनच्या गटात ५१ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४५. श्वास बंद पडून गेलेले ११ टक्के, दुसऱ्या गटात २. म्हणजे हे औषध वाट्टेल त्याला देऊन बघावं असं नाही. आपल्याकडचे आणि युरोपातले डॉक्टर ते कितीतरी वर्षं वापरत आले. अमेरिकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली ती या अटींसह की ऑक्सिजन ९० च्या खाली असेल तर सुरू करू नका, अंगात पाणी जास्त झालं असेल तर आधी ते आटोक्यात आणा, आणि क्रिएटिनिन ५ च्या वर असेल तर फायद्याची आशा धरू नका.

म्हणून तुमचं पहिलं काम श्वासाकडे लक्ष देण्याचं. बाबांना आधी दोन दिवस सहा बाटल्या अल्ब्युमिन गेलंय. ते नियमाप्रमाणेच आहे, किलोमागे एक ग्रॅम, बाटलीत वीस ग्रॅम, वजन साठ. (दोन दिवस फुकट घालवले का, असं दादा विचारतीलच. नाही. परवापरवापर्यंत नियमच दोन दिवसांचा होता. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत तो एक दिवसावर आणला गेला.) पण एवढं अल्ब्युमिन आणि त्यावर वाहिन्या आवळणारं औषध, यानं फुप्फुसात पाणी साचू शकतं. बाबांना आडवं झोपवत नाहीये, दोन उश्या मागतायत, रात्री खोकतायत, बोटाला लावलेल्या मशीनवरचा आकडा ९३-९२ असा घसरतोय, असं काही दिसलं तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. ड्युटीवरच्या सिस्टरला तिथल्या तिथे सांगा. बोटं-अंगठे निळसर काळे पडणं, छातीत दुखणं, पोटात जोराच्या कळा येणं, हेही तसंच. थोडे जुलाब मात्र बऱ्याच जणांना होतात, त्यानं घाबरायचं नाही, पण सांगायचं.

आणि एक गोष्ट तुम्ही डॉक्टरांना आजच सांगा, त्यांनी विचारली असली तरी पुन्हा सांगा. वीस वर्षांचा मधुमेह आहे. बाबांच्या छातीत कधी दुखलं होतं का, अँजिओप्लास्टी झालीये का, चालताना पोटऱ्या भरून येऊन थांबावं लागायचं का. हृदयाच्या किंवा पायाच्या वाहिन्या आधीच अरुंद असतील तर हे औषध त्या आणखी आवळतं. ईसीजी काढला असेलच; नसेल तर तुम्ही आठवण करून दिलीत म्हणून कुणी रागावणार नाही. रागावलं तर रागावू द्या.

आता त्या चौथ्या दिवसाकडे येऊ.

बार्सिलोनाच्या त्याच अभ्यासात दुसरी खूण सापडली होती, आणि ती घरच्या माणसालाही मोजता येते. बीपीचे दोन आकडे असतात, त्यांची एक खास सरासरी काढतात, तिला आयसीयूत सगळे "मॅप" म्हणतात. खालचा आकडा दुप्पट करा, त्यात वरचा मिळवा, तीननं भागा. तुम्ही पाठवलेल्या चार्टच्या फोटोत इंजेक्शनआधीचं बीपी ९६/५८ आहे. म्हणजे ११६ अधिक ९६, २१२. भागिले तीन, साधारण ७१. तिसऱ्या दिवसापर्यंत हा आकडा निदान पाचनं वाढला, म्हणजे ७६ च्या पुढे गेला, तर औषध त्याचं काम करतंय, कालव्यातली पातळी चढतेय. अशी वाढ झालेल्यांत ७३ टक्क्यांना औषध लागू पडलं, न झालेल्यांत ३६ टक्क्यांना. बघा, हा आकडा इंजेक्शन टोचल्याशिवाय मिळतच नाही. तुमच्या डॉक्टरांनी पहिल्या संध्याकाळी तो कुठून आणावा?

मग क्रिएटिनिन. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे चौथ्या दिवशी तीन वाटा फुटतात. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ३० टक्के किंवा जास्त उतरलं, बाबांच्या बाबतीत १.८ पर्यंत आलं, तर त्याच डोसवर पुढे. उतरलंय पण तेवढं नाही, १.८ आणि २.६ च्या मध्ये घुटमळतंय, तर डोस वाढवतात. २.६ वरच राहिलं किंवा वाढलं, तर औषध थांबवायचं. युरोपची पद्धत थोडी निराळी, तिथे दोन-तीन दिवसांत २५ टक्केही उतरलं नाही तर डोस टप्प्याटप्प्यानं वाढवत दिवसाला १२ मिलिग्रॅमपर्यंत नेऊन बघतात. तुमच्या दवाखान्यात कोणती पद्धत पाळतात ते विचारून ठेवा. इंजेक्शन ठरावीक तासांनी देतायत की पंपावर चोवीस तास थेंबथेंब, हेही विचारा. सतत पंपावर दिलं तर कमी डोसात भागतं आणि त्रास कमी होतो असं इटलीतल्या डॉक्टरांनी दाखवलंय. फार तर चौदा दिवस हे औषध चालतं. पूर्ण यश म्हणजे बाबांचं क्रिएटिनिन पुन्हा १.४ च्या आसपास, मूळ आकड्याच्या ०.३ च्या आत.

म्हणजे दादांना सांगायचं ते असं. हे चार दिवस वाट बघण्याचे नाहीत, हीच तपासणी आहे. जगात सध्या यापेक्षा चांगली तपासणी नाही. आणि खर्चाच्या बाजूनं बघितलं तर हाच नियम तुमचं रक्षण करतो. लागू न पडणारं औषध चौदा दिवस ओढायचं नाही, चौथ्या दिवशी उघड विचारायचं की आता काय? स्वस्त पर्याय नाही का, असंही ते विचारतील. आहे. नॉरॲड्रेनालिन. बरंच स्वस्त आहे, आपल्या देशातल्या काही छोट्या अभ्यासांत ते टर्लीप्रेसिनच्या बरोबरीचं ठरलं. पण ते आयसीयूतच, मोठ्या शिरेतून द्यावं लागतं, म्हणजे बेडचा खर्च आला. शिवाय दिल्लीच्या आयएलबीएस या लिव्हरच्या संस्थेत, बाबांसारखाच अचानक बिघडलेला सिरॉसिस असलेल्या १२० रुग्णांवर केलेल्या तुलनेत टर्लीप्रेसिननं ४० टक्क्यांची किडनी सुधारली, नॉरॲड्रेनालिननं १६.७ टक्क्यांची, २८ दिवसांनी जिवंत असलेलेही ४८ विरुद्ध २०. तेव्हा तुमच्या डॉक्टरांची निवड योग्य आहे. पैशाअभावी नॉरॲड्रेनालिन निवडावं लागलं असतं तरी मी त्याला चूक म्हटलं नसतं.

डायलिसिसबद्दल आत्यांना हे वाचून दाखवा. किडनी बंद तर मशीन लावा, हे इतर आजारांत खरं. इथे मशीन रक्त गाळून देईल, पण वरच्या चाऱ्यांची दारं उघडीच राहतील. आधीच बीपी ९६. डायलिसिसवर ते आणखी पडतं. पुढे लिव्हर बदलायचं पक्कं असेल, तर तोवर तगवून ठेवायला डायलिसिस करतात, आणि जरूर करावं. पोटॅशियम धोक्याइतकं वाढलं, फुप्फुसात पाणी भरलं आणि औषधानं हटेना, तर काही दिवसांपुरतं करतात. पण पुढे काही वाट नसताना नुसतं मशीनवर ठेवणं म्हणजे बाबांच्या उरलेल्या दिवसांतले चांगले तास गळ्यातल्या नळीला जखडून घालवणं. हे मी कठोरपणे लिहितोय याची मला जाणीव आहे.

गुडघ्याच्या गोळ्या. पत्रात तुम्ही ते सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच अडकलो. दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन जातीची वेदनाशामक सिरॉसिसच्या रुग्णाची किडनी चार गोळ्यांत बंद पाडू शकतात. बाबांच्या उशाखालचा, पाकिटातला, गाडीच्या डिकीतला औषधांचा सगळा साठा पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. मधुमेहात किडनी जपायला म्हणून दिलेली रक्तदाबाची गोळी, टेल्मिसार्टन-लोसार्टन जातीची, चालू असेल तर तीही दाखवा, सध्या ती बंदच हवी. लघवीच्या गोळ्या थांबवल्या असतीलच. कुणी किडनीचा किंवा काविळीचा काढा आणून दिला असेल तर तोही सांगा. लाजू नका, आम्हाला सवय आहे. वेदनाशामकानं किडनी बिघडली असेल तर तो हेपॅटोरीनल नसेलही, आणि मग टर्लीप्रेसिन लागू न पडण्याचं ते कारण असेल. आणि पोटातल्या पाण्याची तपासणी झाली का? त्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील, २५० च्या वर, तर पोटात जंतुसंसर्ग आहे आणि त्याचं अँटिबायोटिक आधी. तुमच्या जोडलेल्या कागदांत हा रिपोर्ट मला सापडला नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते.

औषध लागू पडलं तर काय? लघवी मोकळी होईल, क्रिएटिनिन उतरेल, घरी सोडतील, गल्लीत पेढे वाटावेसे वाटतील. पण निबर लिव्हर तिथेच असेल. सुमारे पाचातल्या एकाला औषध थांबवल्यावर हाच त्रास पुन्हा होतो. पुन्हा दिलं की बहुधा पुन्हा लागूही पडतं. टर्लीप्रेसिननं मिळतो तो वेळ. तो कशासाठी वापरायचा हे आत्ता ठरवायला लागा, डिस्चार्जनंतर नाही. लिव्हर बदललं तर बहुतेकांची किडनी आपोआप सुरू होते. पहिल्या उदाहरणातल्या त्या किडन्यांनी जे दाखवलं त्याचीच ही दुसरी बाजू.

म्हणजे, ताई, देण्यासारखं तुमच्याजवळ काही असलंच तर ते किडनी नाही, लिव्हरचा तुकडा. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मुलगी जवळच्या नात्यात येते. प्रौढाला द्यायचं तर बहुतेक वेळा लिव्हरचा उजवा भाग काढतात, साठ टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत बरंचसं भरून येतं. पण ही लहान शस्त्रक्रिया नाही. उजवा भाग देणाऱ्यांत जिवाला धोका साधारण हजारात दोन ते पाच. तुमच्या लिव्हरमध्ये चरबी असेल (मधुमेही घरांत ती सर्रास असते) तर तुम्हाला घेणारही नाहीत, आणि ते तुमच्या भल्याचंच असेल. आणखी एक बोलतो, वय झालंय म्हणून. आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणारांत बहुसंख्य बायका असतात. पत्रात तुमचा रक्तगट आहे, दादांचा नाही. त्यांचाही तपासून घ्या.

घरात कुणी जुळलं नाही तर मरणोत्तर दानाची यादी आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांतून ती चालते. नाव थेट नोंदवता येत नाही, प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फतच नोंदवावं लागतं. आता यात एक विचित्र पेच आहे, जगभरचे डॉक्टर त्यावर भांडतात. कोण किती गंभीर हे ठरवायच्या मेल्ड नावाच्या गुणांकनात क्रिएटिनिन धरलं जातं. औषधानं क्रिएटिनिन उतरलं की मेल्डचे गुण उतरतात आणि त्या गुणांवर चालणाऱ्या यादीत माणूस मागे सरकू शकतो, लिव्हर मात्र होतं तसंच. म्हणून काय औषध द्यायचं नाही? द्यायचं. चांगल्या किडनीनं शस्त्रक्रियेला गेलेला माणूस जास्त सुखरूप बाहेर येतो. पण प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना उपचाराआधीचं क्रिएटिनिनही दाखवायला विसरू नका. आत्ताच्या फाईलची झेरॉक्स काढून ठेवा.

आणि लागू पडलं नाही तर? प्रत्यारोपणाची वाट खुली असेल तर धावपळ करायची, दिवस मोजके असतात. तीही नसेल तर या आजारात माणूस काही आठवडेच काढतो. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा की बाबांना त्रास कमीत कमी कसा होईल, घरी नेता येईल का, पोटातलं पाणी घरी असताना कोण काढेल. ही हार पत्करणं नाही, हीही उपचाराचीच एक शाखा आहे, आणि तिला वेळेवर बोलावलं तर बाबांना नातवाशी चार दिवस नीट बोलता येईल. बाबांना यातलं किती सांगायचं, ते तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही. पण ते शुद्धीवर आहेत. त्यांना एकदा विचारा तरी.

या पत्रातलं तुमच्या आणि माझ्या रुग्णालयांत वेगळं असू शकेल असं आणखी एक, रक्त कधी काढतात ते. बहुतेक ठिकाणी सकाळी सहाला काढतात, रिपोर्ट नऊपर्यंत येतो, मोठे डॉक्टर दहा-अकराला राऊंड घेतात. एका वहीच्या पानावर रोजचं क्रिएटिनिन, लघवी किती मिली, मॅप आणि ऑक्सिजन, एवढं लिहित जा. चौथ्या दिवशी दादांना सुट्टी टाकायला सांगा आणि राऊंडच्या वेळी दोघं मिळून उभे राहा. वही दादांच्या हातात द्या.